बंद पडलेला पब परत उघडतो तेव्हा आधी धूर का दिसतो?

ब्रिटनमधून दर थोड्या दिवसांनी एकच बातमी येत असते, आणखी इतके पब बंद पडले. आकडे बघितले तर खरंच आहे ते, २००० साली तिथे साधारण ६० हजार पब होते, आता ४५ हजारांच्या आसपास उरलेत. पण अधूनमधून याच्या उलटी एक छोटीशी बातमीही येते, की अमुक गावातला पब दोन-तीन वर्षं खिडक्यांना फळ्या ठोकून पडला होता तो परत सुरू झालाय, नवा रंग दिलाय, मागच्या अंगणात एक काळी लोखंडी भट्टी बसवलीय, तिथे रात्रभर धुरावर शिजवलेलं मांस मिळतं आणि नळाला अशा बिअर लावल्यात की नावं वाचून ही बिअर आहे का रॉक बँड तेच कळत नाही. लीड्स, मँचेस्टर, लंडनकडे राहणारी आपली मंडळी तिथे जेवून येतात, फोटो पाठवतात, आणि इथे बसलेल्या माणसाला साधा प्रश्न पडतो की मांस भाजायला बारा तास कशाला लागतात, आणि पब एकदा बुडालाय तर त्याच जागी तोच धंदा आता कसा काय चालणार.

मला विचाराल तर यात फॅशन कमी आणि हिशोब जास्त आहे. ब्रिस्केट (ते धुरावरचं मांस) आणि क्राफ्ट बिअर (त्या विचित्र नावांच्या) ही त्या हिशोबाची फक्त वरून दिसणारी बाजू, खरी भानगड त्या चार भिंती कोणाच्या मालकीच्या आहेत इथून सुरू होते. म्हणून जेवणाकडे जरा उशिरा वळू.

पब चालवतो एक, मालक भलताच

समजा तुम्ही चहाची टपरी भाड्याने घेतली. मालक म्हणाला भाडं मी कमीच घेतो, पण दूध, साखर, चहा पावडर सगळं माझ्याकडूनच घ्यायचं आणि मी लावीन त्या भावाने. बाहेर तोच माल स्वस्त मिळत असला तरी तुम्हाला घेता येणार नाही, आणि गिऱ्हाईकाने आल्याचा चहा मागितला पण मालक आलं ठेवत नसेल तर तुमच्याकडे आल्याचा चहा नाही, विषय संपला. ब्रिटनमधल्या हजारो पबचं वर्षानुवर्षं हेच चालू होतं आणि बऱ्याच ठिकाणी आजही आहे. या अटीला तिकडे बिअर टाय म्हणतात. ज्या पबवर ही अट नाही तो फ्री हाऊस, तिथे फुकट काही मिळत नाही, फक्त चालवणाऱ्याला बिअर कुठूनही घ्यायची मोकळीक असते.

पूर्वी हे मालक म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपन्याच असायच्या. १९८० च्या दशकापर्यंत सहा मोठ्या कंपन्यांकडे देशातले प्रचंड संख्येने पब होते आणि अर्थातच त्या आपलीच बिअर विकायच्या. १९८९ मधे सरकारने म्हटलं की ही मक्तेदारी मोडू, आणि नियम काढला की ज्या कंपनीकडे २,००० पेक्षा जास्त पब आहेत तिने वरच्या आकड्यातले निम्मे विकावेत नाहीतर टायमधून सोडावेत. कागदावर झकास. प्रत्यक्षात कंपन्यांनी पब गठ्ठ्याने विकले, आणि ते घेतले अशा नव्या कंपन्यांनी ज्या बिअर बनवतच नव्हत्या, नुसते पब बाळगायच्या. यांना पबको म्हणतात. कायदा बिअर बनवणाऱ्यांसाठी होता, हे बनवत नव्हते, त्यामुळे हे त्यात बसलेच नाहीत, आणि २००० नंतरच्या काही वर्षांत एंटरप्राइज इन्स आणि पंच टॅव्हर्न्स या दोघांकडे मिळून देशातला मोठा हिस्सा गेला, प्रत्येकाकडे आठ-नऊ हजार पब. तेही कर्ज काढून घेतलेले.

मग २००७ च्या जुलैमधे इंग्लंडमधे पबच्या आत सिगरेट बंद झाली (स्कॉटलंडमधे वर्षभर आधीच झाली होती), पुढच्याच वर्षी मंदी आली, त्याच वर्षापासून सरकार बिअरवरचा कर दरवर्षी महागाईपेक्षा जास्त वाढवायला लागलं ते २०१३ पर्यंत. सुपरमार्केटात बिअरचे डबे पबच्या मानाने फारच स्वस्त. आता या अवस्थेत कर्जबाजारी मालकाला कळलं की चालणाऱ्या पबपेक्षा त्या जागेवर फ्लॅट बांधले तर पैसा जास्त, तर तो काय करणार हे पुण्या-मुंबईच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

म्हणजे लोक प्यायला येईनात म्हणून बंद पडले हे खोटं का?

खोटं नाही, अर्धं आहे. लोक पितात कमी हे खरंच आहे, तरुण मुलं तर त्याहून कमी. पण नीट चालू शकणारे पबही बंद पडले कारण चालवणाऱ्याच्या हातात माल महाग यायचा, नफा मालकाकडे जायचा आणि दुरुस्तीला पैसा उरायचा नाही, मग गळकं छप्पर, वास मारणारे संडास, तेच तीन नळ आणि तळलेले चिप्स, आणि मग गिऱ्हाईक येत नाही म्हणून बंद. आधी अंडं का आधी कोंबडी. २०१६ मधे पब्ज कोड नावाचा नियम आला, त्यात इंग्लंड-वेल्समधल्या ५०० पेक्षा जास्त टायवाले पब असलेल्या कंपन्यांच्या भाडेकरूला ठरावीक वेळी असं म्हणता येतं की मला टाय नको, मी बाजारभावाने नुसतं भाडं देतो. ते मिळवताना बऱ्याच जणांचा घाम निघतो, पण दार उघडं तरी झालं.

मग परत उघडतो कोण आणि कसा

इथे गोष्ट मजेशीर होते. २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टने इंग्लंडमधल्या गावकऱ्यांना एक हत्यार दिलं. गावातली एखादी जागा लोकांच्या उपयोगाची आहे अशी कौन्सिलकडे (तिकडची नगरपालिका) नोंद करून घ्यायची, आणि मग मालकाने ती विकायला काढली की लोकांनी सहा आठवड्यांत आम्हाला घ्यायचीय असं कळवलं तर पैसे जमवायला एकूण सहा महिने मिळतात. मालकाने त्यांनाच विकायचं असं बंधन नाही, फक्त वेळ मिळतो, पण वेळ ही मोठी गोष्ट आहे.

दक्षिण लंडनच्या ननहेडमधला आयव्ही हाऊस हा अशी नोंद झालेला देशातला पहिला पब, आणि २०१३ मधे ३७१ लोकांनी शेअर घेऊन तो परत उघडला. मोठं कर्ज आणि अनुदानही लागलं, नुसत्या शेअरमधे लंडनची जागा येत नाही. हे शेअर म्हणजे आपल्याकडच्या सहकारी संस्थेसारखेच, कोणी कितीही पैसे घातले तरी मत एकच. यॉर्कशरमधल्या हडस्वेल नावाच्या छोट्याशा गावात जॉर्ज अँड ड्रॅगन २००८ मधे बंद पडला होता, गावकऱ्यांनी विकत घेऊन २०१० मधे सुरू केला, आत छोटं वाचनालय टाकलं, छोटं दुकान टाकलं, मागे भाजीपाल्याचे वाफे केले, आणि हाच पब पुढे कॅमरा या बिअरप्रेमींच्या संघटनेचा २०१६ चा देशातला सर्वोत्तम पब ठरला. गावात दुसरं दुकान नसेल तर दूध-ब्रेड आणायला आलेला माणूस एक पाइंट (अर्ध्या लिटरहून थोडी जास्त बिअर) घेऊन जातो, असा साधा हिशोब.

आणि कार्लटन टॅव्हर्न. हे मला फार आवडतं. लंडनच्या मेडा व्हेलमधला १९२० च्या दशकातला पब, आसपासचं दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बिंगमधे गेलं पण हा राहिला. मालकाने फ्लॅटची परवानगी मागितली, ती नाकारली गेली, आणि २०१५ च्या एप्रिलमधे बुलडोझर लावून पब पाडला, तोही वारसा यादीत जायच्या तोंडावर. आपल्याला वाटेल संपलं, दंड भरतील आणि टॉवर उभा राहील. पण वेस्टमिन्स्टर कौन्सिलने आदेश काढला की होता तसा परत बांधा, विटेला वीट, आणि २०२१ च्या एप्रिलमधे तो खरोखर परत उघडला. मधल्या काळात, २०१७ मधे, इंग्लंडमधे नियमच झाला की पब पाडायचा किंवा त्याचं दुसरं काही करायचं तर आधी रीतसर परवानगी लागेल.

आता जागा वाचली, टाय गेला, पण गावकऱ्यांपैकी कोणाला स्वयंपाकघर चालवता येतं? बहुतेक वेळा कोणालाच नाही. मग बऱ्याच ठिकाणी असं करतात की बार आपण चालवायचा आणि किचन एखाद्या बाहेरच्या टीमला द्यायचं, ते ठरलेलं भाडं किंवा विक्रीतला वाटा देतात. याला किचन रेसिडेन्सी म्हणतात. बाजारात स्टॉल लावून नाव कमावलेल्या पोरांना अशी जागा म्हणजे लॉटरी, स्वतःचं हॉटेल टाकायला लागणारे पैसे नसतात पण पदार्थ हातात असतो. कार्डिफमधल्या हँग फायर या स्मोकहाऊसवाल्या (म्हणजे धुरावर मांस शिजवून विकणाऱ्या) दोघीजणी अशाच एका पबच्या किचनमधून वर आल्या आणि मग बॅरीमधल्या जुन्या पंपहाऊसमधे स्वतःचं हॉटेल काढलं. तर धूर पबमधे शिरला तो या दारातून.

धूरच का, दुसरं काही का नाही?

आधी स्मोकहाऊसमधे नक्की काय होतं ते बघू. स्मोकर म्हणजे बंद भट्टी, तिच्यात एका बाजूला लाकूड धुमसत असतं आणि मांसाला आच थेट लागत नाही, गरम हवा आणि धूर लागतो, तापमान साधारण ११० अंशांच्या आसपास. तंदूर किंवा शेगडीवर मांस पटकन आणि चढ्या आचेवर होतं, इथे सगळं उलटं.

एवढा वेळ लागतो कारण मांसाचा तुकडाच तसा निवडलेला असतो. ब्रिस्केट म्हणजे गाईच्या छातीचा भाग, जनावर आयुष्यभर त्याच्यावर वजन टाकून उभं असतं त्यामुळे तो चिवट, आत कोलॅजेन नावाचे चामट धागे ठासून भरलेले. हा तुकडा स्टेकसारखा भाजला तर चपलेचा तळ चावल्यासारखं होतं. पण मांस आतून ७० अंशांच्या पुढे तासन्‌तास राहिलं की हे धागे विरघळून त्यांचं जिलेटिन होतं, आणि तेच चिवट मांस बोटाने तुटायला लागतं. आत ९३-९५ अंशांपर्यंत गेलं की काढायचं. मधे एक गंमत होते, ६५-७० च्या आसपास तापमान चढायचंच थांबतं, तास दोन तास, कधी त्याहून जास्त, ढिम्म हलत नाही, कारण मांसातून पाणी बाहेर येऊन वाफ होत असतं आणि ते सगळी उष्णता खाऊन टाकतं, अंगावरचा घाम वाळताना गार वाटतं तेच हे. नवशिका इथे घाबरतो आणि आच वाढवतो आणि मग मांसाची माती होते. धुराची चव येते ती लाकडातल्या लिग्निनमधून, ते जळताना ग्वायकॉल आणि सिरिंगॉल अशी रसायनं सुटतात आणि मांसाच्या ओलसर पृष्ठभागावर बसतात. कापल्यावर कडेला जी गुलाबी रेघ दिसते ती कच्चेपणाची नाही, धुरातल्या वायूची मांसातल्या लाल रंगद्रव्याशी झालेली क्रिया आहे, म्हणून प्लेट परत पाठवू नका.

आता पबवाल्याच्या बाजूने बघा. जुन्या पबचं किचन म्हणजे बऱ्याचदा एक खोली, तिथे वीस पदार्थ ऑर्डरनुसार बनवायला चार-पाच शिकलेले आचारी लागतात आणि ते मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. स्मोकरमधे मांस रात्री टाकलं की मधून मधून लाकूड बघायला एक माणूस पुरतो, सकाळी काढून गुंडाळून ऊबदार ठेवलं की बरेच तास छान राहतं, आणि शनिवारी संध्याकाळी शंभर माणसं आली तरी किचनमधे काम काय, तर कापा आणि ताटात ठेवा. सोबतची कोबीची कोशिंबीर, लोणचं, बीन्स, सगळं आधीच करून ठेवलेलं. उरलेले कडा-तुकडे बीन्समधे जातात, त्यांचं सँडविच होतं, मांस भरलेली पाई होते, टाकायला काही जात नाही. डुकराच्या खांद्याचा भाग तर मुळातच स्वस्त. ब्रिस्केट एके काळी स्वस्त होतं, याच स्मोकहाऊसवाल्यांनी त्याचा भाव वाढवला असं मला वाटतं. शिवाय शिजताना त्याचं चाळीस टक्क्यांच्या आसपास वजन उडून जातं हे विसरून चालत नाही, दहा किलो आणलं तर विकायला सहाच.

ही पद्धत टेक्ससकडची, तिथे १९ व्या शतकात आलेल्या जर्मन आणि चेक खाटकांनी न विकलेलं मांस धुरावर टाकायला सुरुवात केली, लॉकहार्ट गावातलं क्रॉइट्झ मार्केट १९०० पासूनचं आहे. म्हणून काही इंग्रज नाक मुरडतात की पबमधे हे अमेरिकन खाणं कशाला. पण ब्रिटनला धूर नवा नाही हो, स्कॉटलंडमधले आर्ब्रोथ स्मोकी, नॉर्थम्बरलंडमधल्या क्रास्टरचे किपर्स हे धुरावरचे मासेच आहेत, आणि किती तरी पिढ्यांचे. उलट गंमत अशी की १९५२ च्या लंडनच्या जीवघेण्या धुक्यानंतर १९५६ मधे कायदा करून शहरातला धूर बंद केला, २००७ मधे पबमधला सिगरेटचा धूर बंद केला, आणि आता लोक धुरासाठी रांग लावतायत. शहरात आजही वाटेल ते लाकूड वाटेल तसं जाळता येत नाही, म्हणून बरेच स्मोकर गॅसवर किंवा विजेवर चालतात आणि लाकूड फक्त धुरापुरतं. शुद्धतावाद्यांना हे चालत नाही, मला चव येतेय तोपर्यंत काही फरक पडत नाही.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवण्यात अर्थ नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवरच्या संस्थेने २०१५ मधे प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरला कारण ठरणाऱ्या गटात टाकलं आणि त्या व्याख्येत धूर दिलेलं मांसही येतं. महिन्यातून एकदा खाणं आणि रोज खाणं यात फरक आहे, तो आपला आपण करायचा.

आणि क्राफ्ट बिअर म्हणजे नक्की काय?

ब्रिटनमधे याची कायदेशीर व्याख्याच नाही. ढोबळमानाने लहान आणि स्वतंत्र ब्रुअरीने चवीकडे लक्ष देऊन बनवलेली बिअर, पण कोणीही पाटी लावू शकतो. म्हणून तिथल्या लहान ब्रुअऱ्यांच्या संघटनेने २०१६ मधे स्वतंत्र ब्रुअरींसाठी एक शिक्का काढला, तो दिसला तर थोडी खात्री.

या लहान ब्रुअऱ्या उगवल्या त्यामागेही सरकारी हिशोब आहे. २००२ मधे गॉर्डन ब्राऊन अर्थमंत्री असताना लहान ब्रुअऱ्यांना करात सवलत मिळाली, लवकरच ती वर्षाला ५,००० हेक्टोलिटर, म्हणजे ५ लाख लिटरपर्यंत बनवणाऱ्यांना निम्मा कर अशी झाली. काहीशे ब्रुअऱ्या होत्या त्या पंधरा-सोळा वर्षांत दोन हजारांच्या आसपास गेल्या. पण या बिअर विकायच्या कुठे, टायवाल्या पबमधे तर नळ मिळत नाही. म्हणून परत उघडलेला, टायमधून सुटलेला पब आणि गावाशेजारची लहान ब्रुअरी यांची जोडी जमते ती प्रेमापेक्षा गरजेने.

बारवर तुम्हाला दोन प्रकारचे नळ दिसतील. उंच लाकडी दांडा ओढून येते ती कास्क बिअर, ती पिंपातच शेवटचं आंबत असते, तळघरात ११ ते १३ अंशांना ठेवतात, फेस कमी, आणि पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवावी लागते. आपले लोक पहिला घोट घेऊन म्हणतात ही गरम आहे, बिघडलीय. नाही, अशीच असते. दुसरी केग, गॅस भरलेली, थंडगार, फेसाळ, जास्त दिवस टिकणारी, बहुतेक नव्या क्राफ्ट बिअर याच. कास्क टिकवायलाच तर १९७१ मधे कॅमरा सुरू झाली होती, त्यामुळे जुने काका कास्कवाले आणि तरुण पोरं केगवाली अशी एक भाऊबंदकी चालू असते. चांगला पब दोन्ही ठेवतो.

धुराच्या मांसाबरोबर बिअरच का जाते, तर ब्रिस्केटची चरबी जिभेवर थर धरते आणि बिअरमधला गॅस आणि हॉप्सचा कडवटपणा तो थर धुऊन काढतो, म्हणून पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं. अमेरिकन हॉप्सना आंबा-पपनसासारखा वास असतो, नव्या आयपीएमधे तोच येतो. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, आणि हिचा आपल्याशी खराखुरा संबंध आहे, लंडनच्या बो भागातला हॉजसन हा ब्रुअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना उधारीवर बिअर द्यायचा आणि ती मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी यायची. हॉजसनने भारतासाठी म्हणून ही शोधून काढली अशी गोष्ट सांगतात ती मात्र खरी नाही, उष्ण देशात जाणाऱ्या बिअरला हॉप्स जास्त घालायची पद्धत आधीपासून होती. आणि दोनेकशे वर्षांनी हेच चक्र फिरून २००९ मधे पुण्यात डूलालीने मायक्रोब्रुअरी काढली, देशातल्या सुरुवातीच्यांपैकी एक.

धूर खुद्द बिअरमधेही असायचा. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली, ते पूर्वी लाकडाच्या आगीवर वाळवायचे आणि त्याला धुराचा वास लागायचाच, १७ व्या शतकात कोळशापासून केलेला कोक आला तेव्हा तो गेला. जर्मनीतल्या बँबर्गमधे मात्र श्लेंकर्लासारखे लोक अजून बीचच्या लाकडावरच वाळवतात. पहिल्यांदा प्याल तर कोणीतरी बिअरमधे शेकोटी विझवलीय असं वाटेल.

"हे सगळं पैसेवाल्या पोरांसाठी, जुनं गिऱ्हाईक कुठे गेलं?"

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. जिथे निवृत्त कामगार स्वस्तातला पाइंट घेऊन दुपारभर बसायचा तिथे आता सहा पौंडांची बिअर आणि दाढीवाली पोरं, असं बऱ्याच ठिकाणी झालंय. ज्या पबनी एक स्वस्त साधी बिअर नळाला ठेवली आणि एक कोपरा जेवणाच्या टेबलांशिवाय सोडला तिथे जुनी माणसं टिकली, जिथे सगळी जागा रिझर्व्हेशनला दिली तिथे गेली.

पण पब परत उघडणं म्हणजे गोऱ्या हिपस्टर पोरांचंच काम असा समज असेल तर बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक आणि वेस्ट ब्रॉमविचला बघा. १९६० च्या दशकात तिथे कारखान्यांत राबणाऱ्या भारतीयांना काही पबमधे काही खोल्यांत घ्यायचेच नाहीत. १२ फेब्रुवारी १९६५ ला अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या लोकांबरोबर स्मेदिकच्या ब्लू गेट्स पबमधे गेले, तिथल्या स्मोक रूम नावाच्या खोलीत त्यांना कोणी काही दिलं नाही, त्यांनी दुसऱ्या बारमधे बसून पेय घेतलं. नवव्या दिवशी न्यू यॉर्कमधे त्यांचा खून झाला. त्याच वर्षाच्या शेवटी सार्वजनिक जागी वर्णभेद करणं कायद्याने बंद झालं. मग कारखाने बंद पडले, त्यांच्या जिवावर चालणारे पब ओस पडायला लागले, आणि ते चालवायला घेतले कोणी तर याच भारतीयांनी, बहुतेक पंजाबी. कोळशावरचं मिक्स ग्रिल, कांदा, लिंबू, हिरवी मिरची आणि पाइंट. यांना देसी पब म्हणतात, वेस्ट ब्रॉमविचचा व्हाइन त्यातला एक. आग आणि मांस आणून मरणारा पब जगवायची युक्ती टेक्ससवाल्या स्मोकरच्या कितीतरी आधी यांनी वापरली होती, फक्त तिचं एवढं कौतुक कोणी केलं नाही.

शाकाहारी माणसाने जायचं का?

जायचं, पण विचारून खायचं. मेनूवर बीन्स दिसले म्हणजे शाकाहारी असं धरू नका, स्मोकहाऊसच्या बीन्समधे बहुतेकदा ब्रिस्केटचे तुकडे नाहीतर डुकराची चरबी असते. चिप्स गाईच्या चरबीत तळलेले असू शकतात, आणि ते अभिमानाने लिहिलेलं असतं. बीफ-पोर्क न खाणाऱ्यांसाठी कोंबडीचे विंग्ज बहुतेक ठिकाणी असतात, शाकाहाऱ्यांसाठी धुरावरचा फ्लॉवर, फणसाचं पुल्ड पोर्कसारखं केलेलं बनमधलं काहीतरी (आपण फणसाची भाजी खाल्लेली असल्यामुळे यात विशेष वाटत नाही) आणि मॅक-अँड-चीज.

आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, पारंपरिक कास्क बिअर स्वच्छ दिसावी म्हणून तिच्यात आयझिंग्लास घालतात, म्हणजे माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ. तो गाळासकट तळाला बसतो, पण कडक शाकाहारी असाल तर 'अनफाइंड' किंवा व्हीगन लिहिलेली बिअर मागा, ती जरा गढूळ दिसते एवढंच.

एवढं महाग का?

सहा पौंडांच्या पाइंटमधला एक पौंड सरळ व्हॅट. पाच टक्के अल्कोहोल असेल तर साधारण अर्धा पौंड बिअरवरचा कर. म्हणजे पबवाल्याच्या हातात साडेचार, त्यातून बिअरची किंमत, पगार, भाडं, वीज आणि गळणारं छप्पर. २०२३ च्या ऑगस्टपासून नळाच्या बिअरला डबा-बाटलीपेक्षा थोडा कमी कर लागतो, पबला सुपरमार्केटशी लढता यावं म्हणून, पण सवलत पाइंटमागे काही पेन्सची. हॉप्स भरपूर घातलेली बिअर मुळातच महाग पडते. जेवण त्यामानाने महाग नाही असं माझं मत, बारा तासांचं लाकूड आणि चाळीस टक्के उडालेलं वजन धरलं तर.

आणि हे टिकतं का?

कधी टिकतं, कधी फार मोठं होऊन निसटतं. ईस्ट लंडनमधे २०११-१२ च्या सुमारास लेड झेपेलिनचे गायक रॉबर्ट प्लांट यांचा मुलगा लोगन प्लांट याने ड्यूक्स ब्रू अँड क्यू नावाचा एक पब सुरू केला, अमेरिकन पद्धतीच्या धुरावरच्या बरगड्या आणि किचनमधेच बनवलेली बिअर. त्या बिअरचं नाव बीव्हरटाऊन. स्मॉग रॉकेट ही तिची धुराच्या चवीची काळी पोर्टर, नेक ऑइल ही हलकी आयपीए. बिअर इतकी चालली की ब्रुअरी पबमधून बाहेर पडली, आधी हॅकनी विक, मग टॉटनहॅम, २०१८ मधे हायनकेनने हिस्सा घेतला आणि २०२२ मधे सगळीच घेतली. आज नेक ऑइल पबको कंपन्यांच्या पबमधेही मिळते. ज्या पबमधे ती जन्मली तो बंद झाला.

गावकऱ्यांच्या मालकीच्या पबचं असं होत नाही कारण विकायला, आयव्ही हाऊसचंच घ्या, ३७१ लोकांना तयार करावं लागतं. त्यांचा त्रास वेगळा, मीटिंगा. भिंतीच्या रंगावरून दोन महिने.

गेलात तर एवढं लक्षात ठेवा. ऑर्डर बारवर जाऊन द्यायची, टेबलावर बसून कोणी येईल म्हणून वाट बघू नका. कुठली बिअर कळत नसेल तर थोडी चाखायला मागा, कोणी नाही म्हणत नाही, आणि एक तृतीयांश पाइंटचा ग्लास मिळतो का विचारा, तीन वेगळ्या चाखता येतात. मांस रात्री जेवढं टाकलंय तेवढंच असतं, संपलं की संपलं, त्यामुळे शनिवारी आठ वाजता जाऊन ब्रिस्केट मागितलं तर विंग्जवर भागवावं लागेल. रविवारी बहुतेक ठिकाणी रोस्टच (ओव्हनमधे भाजलेलं मांस) असतो, तेव्हा आधी फोन करा.